पंख्याची घरघर आणि अडीच हजारांचा कूलर: डीपकूल एके ४००, नऊ महिन्यांच्या वापरानंतर

मी ध्वनिपुस्तकांसाठी वाचन करते आणि त्याचे ध्वनिमुद्रण नागपुरातल्या घरीच, एका खोलीत होते. त्याच खोलीत टेबलाखाली संगणक आहे आणि मायक्रोफोन त्याच्यापासून जेमतेम पाच फुटांवर. या कामात एसीएक्स या ॲमेझॉनच्या ध्वनिपुस्तक-मंचाची अट मापदंड म्हणून धरण्याची पद्धत आहे: वाचणारा गप्प असताना मुद्रणात उरणारा आवाज उणे ६० डेसिबलच्या खाली असला पाहिजे. गेल्या नोव्हेंबरपर्यंत माझा आकडा उणे ५२ च्या आसपास अडकून पडला होता. खिडक्यांना जाड पडदे लावले, दाराखालच्या फटीत जुनी सतरंजी गुंडाळून ठेवली, छताचा पंखा बंद करून घाम पुसत वाचले, तरी त्यात फारसा फरक पडला नाही. शेवटी एका मैत्रिणीचा लॅपटॉप उसना आणून, संगणक पूर्ण बंद ठेवून मुद्रण केले, तेव्हा आकडा झटक्यात खाली आला आणि खोलीवर केलेला सगळा खर्च चुकीच्या जागी झाल्याचे लक्षात आले.

आवाज होता तो प्रोसेसरसोबत खोक्यात फुकट मिळालेल्या पंख्याचा. प्रोसेसर सहा कोअरचा, ६५ वॅट गटातला. त्यावर ॲल्युमिनियमचा एक बुटका ठोकळा आणि त्याच्या डोक्यावर तळहाताएवढा पंखा. काम वाढले की तो मिनिटाला तीन हजार फेऱ्यांपर्यंत जाई. त्याच्या आवाजाच्या मोठेपणापेक्षा त्याचा लहरीपणा अधिक त्रासदायक होता. एका पट्टीत वाजत राहणारी घरघर सॉफ्टवेअरने बऱ्यापैकी काढता येते, कारण त्या आवाजाचा नमुना घेऊन तो सबंध फाइलमधून वजा करता येतो. हा पंखा मात्र ब्राउझरचा एखादा टॅब उघडला तरी दोन सेकंद किंचाळून पुन्हा खाली बसे, आणि अशा चढउताराचा नमुना घेणार तरी कुठला? वाक्याच्या मध्यावर त्याने सूर लावला की ते वाक्य पुन्हा वाचण्यावाचून गत्यंतर नसे.

त्या पंख्याच्या जागी प्रोसेसर गार ठेवणारा नवा कूलर निवडताना तीन हजार रुपयांची मर्यादा घालून घेतली होती. पाण्याच्या नळ्यांचे कूलर त्यामुळे आपोआपच बाद झाले. त्यांच्या पंपाची स्वतःची बारीक गुणगुण असते आणि पंप बिघडला की सगळेच फेकावे लागते, हेही मनात होते. शांत कूलर म्हटले की जाणकार लगेच नोक्टुआचे नाव घेतात आणि ते योग्यच आहे, पण त्यांचा एनएच-डी १५ हा १६५ मिलिमीटर उंच आहे आणि माझ्या कॅबिनेटमध्ये मदरबोर्डपासून (प्रोसेसर ज्या मुख्य पाटीवर बसतो तिच्यापासून) बाजूच्या झाकणापर्यंत १६० मिलिमीटरच जागा मिळते. शिवाय त्याची किंमत माझ्या प्रोसेसरच्या किमतीच्या पंक्तीला बसते. डीपकूलचा एके ४०० हा १५५ मिलिमीटरचा; पाच मिलिमीटर शिल्लक ठेवून तो बसणार होता. सीताबर्डीतल्या एका दुकानात तो करासहित अडीच हजारांच्या आत मिळाला.

घरी खोके आले तेव्हा बाबांनी विचारले, “कूलर आला म्हणे. मग यात पाणी कुठून भरायचं?” विदर्भात कूलर या शब्दाचा दुसरा अर्थ कोणाच्या मनात येतच नाही, आणि पुढे मे महिन्यात या दोन कूलरांचा एकमेकांशी चांगलाच संबंध आला.

या कूलरची रचना साधी आहे. प्रोसेसरच्या पाठीवर टेकणाऱ्या तळातून तांब्याच्या चार नळ्या वर जातात आणि त्यांत ॲल्युमिनियमच्या पातळ पात्यांची चळत ओवलेली असते. समोर १२० मिलिमीटरचा एक पंखा. या नळ्या भरीव नसतात. आतली हवा काढून त्यात किंचित द्रव ठेवलेला असतो. तो तळाशी उष्णतेने वाफ होऊन वर जातो, गार पात्यांपाशी पुन्हा द्रव होतो आणि नळीच्या आतल्या सच्छिद्र अस्तरातून, दिव्याच्या वातीत तेल चढावे तसा, तळाशी परततो. त्यामुळे उष्णता प्रोसेसरपासून झटपट दूर जाते, पात्यांचे क्षेत्रफळ भरपूर असते आणि पंख्याला घाई करावी लागत नाही.

शांततेचे सारे गणित या घाई न करण्यात आहे. पंख्यांच्या नियमांप्रमाणे वेग निम्मा केला तर हवेचा प्रवाह निम्म्यावर येतो, आवाज मात्र सुमारे १५ डेसिबलने उतरतो; आणि १० डेसिबलचा फरक कानाला साधारण निम्मा आवाज झाल्यासारखा वाटतो. म्हणून लहान पंखा वेगाने फिरवण्यापेक्षा मोठा पंखा सावकाश फिरवणे केव्हाही फायद्याचे. एके ४०० च्या पंख्याची कमाल मर्यादा १,८५० फेऱ्यांची आहे. माझ्याकडे तो बहुतेक वेळ ७०० ते १,१०० च्या दरम्यान असतो आणि या पट्ट्यात तो पाच फुटांवरून मला ऐकू येत नाही.

जुना कूलर काढताना घडलेला प्रसंग सविस्तर सांगते, कारण त्यात माझा प्रोसेसर जवळजवळ गेला होता. स्क्रू सोडवले, ठोकळा सरळ वर ओढला, तो हलेना. जरा जोर लावला तेव्हा ‘टक्’ असा आवाज होऊन ठोकळा हातात आला आणि त्याच्या तळाला चिकटलेला प्रोसेसरही मदरबोर्डवरच्या आपल्या खाचेतून, म्हणजे सॉकेटातून, उपटून वर आला. ज्या प्रोसेसरांच्या पोटाला पिना असतात त्यांच्या बाबतीत हा धोका असतोच; सॉकेटातली कळ पिना धरून ठेवते, पण प्रोसेसर आणि ठोकळा यांच्यामध्ये उष्णता नेण्यासाठी लावलेली, तीन वर्षांत वाळून घट्ट झालेली पेस्ट त्या कळीपेक्षा बळकट ठरते. खिडकीच्या उजेडात तिरके धरून पाहिले तर कोपऱ्यातल्या दोन पिना वाकल्या होत्या. पॉइंट पाच शिसपेन्सिलीतली शिसकाडी काढून टाकली आणि तिचे पोकळ टोक त्या पिनांवर चढवून, श्वास रोखून, एकेक केसभर सरळ केली. अर्धा तास लागला. प्रोसेसर पुन्हा आपल्या वजनाने सॉकेटात उतरला तेव्हा हाताचा कंप थांबला. हे टाळण्याचा मार्ग सोपा होता: काढण्याआधी संगणक दहा-पंधरा मिनिटे जड कामाला लावून पेस्ट मऊ करायची, मग बंद करून, वीज काढून, ठोकळा वर न ओढता अलगद डावीकडे-उजवीकडे पिळायचा.

नवा कूलर बसवणे त्या मानाने सुकर गेले. आधी चौकट बसवायची, मग कूलर ठेवून दोन स्क्रू आळीपाळीने थोडेथोडे आवळायचे आणि शेवटी पंखा तारांच्या चिमट्यांनी अडकवायचा. बाण पाहून पंखा मागच्या जाळीच्या दिशेने हवा ढकलेल असा लावावा. माझी रॅम बिनसजावटीची, बुटकी आहे, त्यामुळे अडचण आली नाही. रंगीत दिव्यांची उंच रॅम असेल तर आधी पट्टी लावून पाहावे. जुन्या बाजारातून कूलर घेणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट तपासावी. इंटेलच्या एलजीए १७०० सॉकेटची भोके ७८ मिलिमीटर अंतरावर आहेत, आधीच्या एलजीए १२०० ची ७५ वर होती. वेगळी चौकट असल्याशिवाय जुना कूलर तिथे बसत नाही.

आता आकडे. खोलीत २९ अंश असताना, चाळीस मिनिटांच्या अध्यायावर आवाजशुद्धीची प्रक्रिया लावली की जुन्या पंख्यावर प्रोसेसर ८६ अंशांना टेकत असे. तीच फाइल, तेच काम, नव्या कूलरवर ६५ अंश, आणि पंखा १,१०० फेऱ्यांवर. मुद्रणातला शिल्लक आवाज उणे ६३ डेसिबलवर आला. फोनवरच्या आवाजमापक ॲपवर माझा विश्वास नाही. हा आकडा त्याच मायक्रोफोनवर, तीच पातळी ठेवून घेतलेला आहे, म्हणून तुलनेपुरता तो खरा मानायला हरकत नाही.

मात्र पहिल्या दिवशी हा आकडा आला नव्हता. मदरबोर्डच्या मूळ सेटिंगवर नवा पंखाही दर मिनिटाला उसळत होता, फक्त हळू आवाजात. आजचे प्रोसेसर क्षणार्धात दहा-पंधरा अंश वर उडी मारून परत येतात, आणि मूळ सेटिंग त्या प्रत्येक उडीच्या मागे पंख्याला पळवते. पण क्षणभराच्या उष्णतेने तांब्या-ॲल्युमिनियमचे एवढे धूड तापत नसते. बायोसमध्ये, म्हणजे संगणक सुरू होताना उघडता येणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, जाऊन मी ६० अंशांपर्यंत पंखा ३५ टक्क्यांवर स्थिर ठेवला, ७५ अंशांना ५५ टक्के आणि ८५ च्या पुढे पूर्ण वेग असा आलेख आखला आणि वेग वाढवण्याआधी काही सेकंद थांबण्याची सोय होती तीही चालू केली. पंधरा मिनिटांचे, बिनपैशाचे काम. माझ्या मते निम्मा फायदा त्याचा आहे. ज्यांना कूलर बदलायचा नाही त्यांनीही एवढे जरूर करून पाहावे. पंखा चार पिनांच्या ‘सीपीयू फॅन’ लिहिलेल्या जागीच जोडलेला असावा, कारण चौथ्या तारेवरूनच वेगाचा हुकूम जातो.

मे महिन्यात खरी परीक्षा झाली. मुद्रणाच्या वेळी आमचा वाळ्याच्या ताट्यांचा कूलर बंद ठेवावा लागतो, तो विमान उतरल्यासारखा वाजतो. त्यामुळे दुपारी खोली ३७ अंशांवर जाई. प्रोसेसरचा कूलर खोलीच्या हवेनेच काम करतो, खोलीपेक्षा गार तो काहीच करू शकत नाही, आणि खोली जितकी तापते साधारण तितकाच प्रोसेसरही वर सरकतो. तेच काम आता ७३-७४ अंशांवर गेले आणि पंखा साडेबाराशेच्या आसपास. आवाज किंचित जाणवू लागला, उणे ६१ पर्यंत. तेव्हा बायोसमधली प्रोसेसरची वीजमर्यादा ६५ वरून ४५ वॅटवर आणली. प्रक्रियेला दहातला एखादा मिनिट जास्त लागू लागला, पण तापमान पुन्हा साठीच्या घरात आले. वाचन करताना प्रोसेसरला तसेही फारसे काम नसते, म्हणून ही मर्यादा मी उन्हाळाभर तशीच ठेवली. घरातला मोठा कूलर मध्यंतरी चालू करताना त्याचा झोत कॅबिनेटवर येणार नाही याची काळजी घ्यावी. त्या दमट हवेसोबत क्वचित तुषार येतात आणि आमच्या बोअरच्या क्षारयुक्त पाण्याचे पांढरे डाग कुठे पडतात ते कपाटाच्या काचेवर मी रोज पाहते.

याच दिवसांत कॅबिनेटचा दोषही उघड झाला. समोर पूर्ण काच आणि कडेला बोटभर फट, अशी ती दिखाऊ बनावट आहे. काच काढून ठेवली तर तापमान पाच-सहा अंशांनी उतरले. कूलरवर खर्च करण्याआधी झाकण उघडून एकदा तापमान पाहावे. त्यात मोठा फरक पडत असेल तर पैसे जाळीच्या कॅबिनेटवर घालवणे शहाणपणाचे.

देखभाल म्हणाल तर जूनच्या पहिल्या पावसानंतर एकदा पंखा सोडवून रंगाच्या ब्रशने पात्या झाडल्या. उन्हाळ्यातल्या धुळीचा राखाडी थर सुपारीएवढा गोळा होऊन निघाला आणि तापमान तीन अंशांनी सुधारले. पंखा झाडताना तो बोटाने धरून ठेवावा, हवेच्या झोताने भरधाव फिरू देऊ नये. नऊ महिन्यांत बेअरिंगची कुरकुर नाही, चिमटे सैल झालेले नाहीत.

कोणी घेऊ नये तेही सांगते. खोक्यावरच्या वॅटच्या आकड्यावर कूलर निवडणे फसवे आहे, कारण प्रोसेसरच्या नावापुढचे वॅट ही त्याची कमाल भूक नसते. इंटेलचा आय ५ १२४०० हा ६५ वॅटचा म्हणून विकला जातो आणि थोड्या वेळासाठी ११७ वॅटपर्यंत जातो; तेवढे हा एक पंखा निभावून नेईल. आय ९ १३९००के मात्र १२५ वॅटच्या नावावर २५३ पर्यंत चढतो, आणि तो दिवसभर राबवणाऱ्याने पात्यांचा एकच मनोरा असलेल्या अशा कूलरकडून शांततेची अपेक्षा ठेवू नये.

पंखा गप्प झाल्यापासून मुद्रणात खोलवर एक सलग गुणगुण मात्र ऐकू येऊ लागली आहे. आलेखावर पाहिले तर ती नेमकी १२० हर्ट्झवर होती. मिनिटाला ७,२०० फेऱ्या घेणारी जुनी हार्ड डिस्क सेकंदाला १२० वेळा फिरते, म्हणजे तीच ही. सध्या ती फोमच्या दोन तुकड्यांवर ठेवली आहे, आणि दिवाळीच्या सुमारास तिच्या जागी एसएसडी, म्हणजे फिरता भाग नसलेली डिस्क, येईल.