टर्मिनी स्टेशनवरचा मदतनीस

मी डोंबिवलीची. बँकेत ३१ वर्षं नोकरी केली, त्यातली बरीचशी काउंटरवर. "पिन कुणाला दिसू देऊ नका, मशीनजवळ अनोळखी माणसाची मदत घेऊ नका," हे मी हजारो खातेदारांना सांगितलं असेल. रोममध्ये माझंच कार्ड हातोहात बदललं गेलं आणि ते कळायला मला पाच तास लागले. लाज वाटत होती, म्हणून आठ महिने मुलीशिवाय कुणाजवळ बोलले नाही. आता ओळखीतल्या दोघीजणी एकट्याने इटलीला निघाल्यात, म्हणून लिहितेय.

टर्मिनी हे रोमचं मुख्य स्टेशन. मला ओर्व्हिएतोला जायचं होतं, प्रादेशिक गाडीने सव्वा-दीड तास. तिकिटाच्या यंत्रावर इंग्रजी भाषा निवडता येते, त्यामुळे अडचण अशी काहीच नव्हती. फक्त गाडीला बारा मिनिटं उरली होती आणि मागे रांग होती. तेवढ्यात एक तरुण शेजारी आला. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्रासारखं काहीतरी. "ओर्व्हिएतो? ही महागडी गाडी नको, ती स्वस्तातली घ्या," म्हणाला आणि त्याने पडद्यावर बोट ठेवलं. खरंच कमी पैशांचं तिकीट आलं. टॅप करून पैसे जाईनात, तेव्हा कार्ड आत घालायला त्यानेच सांगितलं. मी पिन दाबला. तो डावीकडे उभा होता.

तिकीट आणि कार्ड त्यानेच काढून माझ्या हातात दिलं आणि घाई केली, "शिक्का मारा, नाहीतर दंड होईल. फलाट लांब आहे, पळा!" दोन युरो मागितले. मी आनंदाने दिले.

त्याने सांगितलेलं एकूण एक खरं होतं, आणि मी फसले ती तिथेच. इटलीत प्रादेशिक गाडीचं कागदी तिकीट चढण्यापूर्वी छोट्या यंत्रात घालून त्यावर वेळेचा शिक्का घ्यावा लागतो, नाहीतर तपासनीस दंड करतो. फलाटही लांबच होता. मदत करायला आलेला माणूस खोटं बोलला तर आपल्याला कुठेतरी खटकतं. हा खरं बोलत होता, आणि एकटीने फिरताना तीन दिवसांत माझ्याशी कुणी इतकं आपुलकीने बोललं नव्हतं.

ओर्व्हिएतोचा दिवस मात्र मी कधी विसरणार नाही. स्टेशन खाली, गाव वर कड्यावर, मध्ये दोरावर ओढली जाणारी छोटी रेल्वे. वर पोचल्यावर जवळच सोळाव्या शतकातली एक खोल विहीर आहे. तिला दोन वेगवेगळे गोल जिने आहेत, उतरणाऱ्या खेचरांची नि चढणाऱ्यांची गाठ पडू नये म्हणून. मी २४८ पायऱ्या एकटीने उतरले, तळाशी थांबले, वर आकाशाचा गोल तुकडा बघितला. कुणासाठी थांबायचं नाही, कुणाला विचारायचं नाही. साठीनंतर हे सुख मला पहिल्यांदा मिळालं.

दुपारी जेवणाचं बिल द्यायला कार्ड दिलं, तर पिन चुकीचा. दोनदा. तेव्हा कुठे कार्ड उलटून बघितलं. रंग तोच, बँकही तीच, पण शेवटचे चार आकडे माझे नव्हते. माझं फोरेक्स कार्ड होतं, म्हणजे परदेशात वापरायला आधीच पैसे भरून घेतलेलं. अशा कार्डावर बऱ्याचदा नाव छापलेलं नसतं, त्यामुळे कुणाचंही जुनं बंद पडलेलं कार्ड हातात दिलं तरी नजरेला पटतं.

खात्यातून दोन वेळा २५० युरो काढले गेले होते, म्हणजे तेव्हाच्या दराने साधारण पंचेचाळीस हजार रुपये. संदेश आले होते, पण भारतातल्या नंबरवर, आणि ते सिम मी काढून पाकिटात ठेवलं होतं. फोनमध्ये तिकडचं सिम होतं. बाहेर जाणाऱ्या प्रत्येकीला मी हे पुन्हा पुन्हा सांगते: आपलं सिम फोनमध्ये चालू ठेवा, नाहीतर बँकेच्या सूचना ईमेलवर सुरू करून घ्या. कार्डाच्या ॲपमध्ये कार्ड बंद करायची सोय कुठे आहे, ते घरी बसून बघून ठेवा. मला ती शोधायला वीस मिनिटं लागली, हात थरथरत होते.

संध्याकाळी टर्मिनीवर रेल्वे पोलिसांकडे गेले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, तक्रारीची प्रत दिली. ती विमा आणि बँक दोघांना लागते, तेव्हा उशीर झाला तरी घ्याच. बँकेने मात्र पैसे परत दिले नाहीत. पिन वापरून झालेला व्यवहार खातेदाराचाच, असं उत्तर आलं. मीही काउंटरवर बसून लोकांना हेच उत्तर देत असे. समोरच्या माणसाचं तेव्हा काय होत असेल, ते आता कळलं.

मुलगी फोनवर रडकुंडीला आली. "आई, तू आधी परत ये." मी नाही म्हटलं. वेगळ्या पिशवीत दुसरं कार्ड आणि दोनशे युरो होते.

दोन दिवसांनी पुन्हा तीच यंत्रं. या वेळी असिसीला जायचं होतं. एक मुलगी हसत जवळ आली, "मे आय हेल्प?" मी कार्ड मुठीत धरून थेट खिडकीची रांग गाठली. रांग मोठी होती. गाडी चुकली. पुढच्या गाडीला बराच वेळ होता, तेव्हा बाकावर बसून सकाळी बांधून घेतलेला पाव खाल्ला आणि येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या बघत राहिले.