लक्झेंबर्गची चिठ्ठी : जळगावातील एका अभ्यासवर्गाविषयी

स्पर्धा परीक्षेच्या विद्यार्थ्यांसाठी जळगावातील एका अभ्यासिकेने युरोपीय संघावर चार रविवारांचा वर्ग घेतला. शुल्क ६०० रुपये होते. मी परीक्षार्थी नाही. चोपड्याला माध्यमिक शाळेत नागरिकशास्त्र शिकवतो. तरीही नाव नोंदवले आणि त्याचे मला समाधान आहे.

पहिले दोन रविवार १९५१ च्या कोळसा-पोलाद करारापासूनच्या इतिहासात गेले; ते ठीक होते. खरा वर्ग तिसऱ्या रविवारी झाला. सरांनी सत्तावीस जणांना सत्तावीस देशांच्या चिठ्ठ्या वाटून संघाची मंत्रिपरिषद, म्हणजे सदस्य देशांच्या मंत्र्यांची सभा, भरवली. माझ्या वाट्याला लक्झेंबर्ग आला, ज्याची लोकसंख्या सात लाखांच्या आतच आहे. ठराव संमत होण्यासाठी किमान १५ देश आणि संघाची ६५ टक्के लोकसंख्या बाजूने लागते. जर्मनी, फ्रान्स आणि इटली विरोधात गेले, तेव्हा लोकसंख्येच्या हिशेबाने ठराव पडायला हवा होता. परंतु अडवणुकीसाठी किमान चार देश लागतात, हे फळ्यावर लिहिले गेले आणि ते तिघेही माझ्या बाकापाशी आले. लहान देशाची किंमत कुठे असते, हे इतके स्पष्ट मला पुस्तकांतून कधी कळले नव्हते.

पुढे नव्या सदस्याच्या प्रवेशाचा ठराव आला. तिथे एकमत लागते. साधारण धुळे जिल्ह्याएवढ्या लोकसंख्येच्या स्लोव्हेनियाने पिरानच्या आखातातील सीमावादावरून २००८ मध्ये क्रोएशियाच्या वाटाघाटी कशा रोखल्या, हे सरांनी उत्तम सांगितले. क्रोएशिया अखेर १ जुलै २०१३ रोजी सदस्य झाला.

मात्र विस्तारामुळे लहान देशाच्या हातून काय निसटते, याला चौथ्या रविवारी जेमतेम दहा मिनिटे मिळाली, हे मला खटकले. मंत्रिपरिषदेचे सहा महिन्यांचे अध्यक्षपद सहा देश असताना तीन वर्षांनी येई. आता त्यासाठी साडेतेरा वर्षे थांबावे लागते. संघाच्या कारभाराचे नियम बदलणाऱ्या लिस्बन कराराने आयुक्तांची, म्हणजे संघाच्या कार्यकारी मंडळातील सदस्यांची, संख्या घटवायचे ठरवले होते. २००८ मध्ये आयर्लंडच्या मतदारांनी तो करार नाकारला, आणि प्रत्येक देशाचा एक आयुक्त राहील असे आश्वासन मिळाल्यावर २००९ मध्ये स्वीकारला. या प्रसंगाचा वर्गात उल्लेखही झाला नाही.

छापील टिपणांत तर २८ देश आणि संसदेच्या ७५१ जागा अशी जुनी माहिती आहे. ब्रिटन ३१ जानेवारी २०२० रोजी बाहेर पडला. आज २७ देश आणि ७२० जागा आहेत. परीक्षेत अशा चुकीने मुलांचे गुण जातात. मी लक्षात आणून दिल्यावर सरांनी त्याच वेळी दुरुस्ती सांगितली, परंतु टिपणे पुन्हा छापली जाईपर्यंत पुढच्या तुकडीने हे आकडे स्वतः तपासून घ्यावेत. तिसरा रविवार मात्र कोणीही चुकवू नये.