कोच चालला की राहिला? विमानं पाहण्याच्या तीन सेवांची पारख

अमेरिकेत कॉलेज बास्केटबॉलचा हंगाम एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात संपतो. तोवर चाहत्यांचा दुसरा हंगाम ऐन रंगात आलेला असतो: आपला कोच राहणार की जाणार? या दिवसांत एरवीचा साधा चाहता विमानतळांचे कोड घडाघडा म्हणू लागतो. केंटकी विद्यापीठाच्या लेक्सिंग्टनचा केएलईएक्स, अर्कान्सास विद्यापीठाजवळच्या वायव्य अर्कान्सासचा केएक्सएनए, बेलर विद्यापीठाच्या वेकोचा केएसीटी. कोचशी बोलणी करायला विद्यापीठाची माणसं बऱ्याचदा खासगी जेटनं जातात, आणि ते जेट कुठं उतरलं हे घरबसल्या पाहता येतं. त्यासाठी फ्लाइटअवेअर, फ्लाइटरडार२४ आणि एडीएस-बी एक्स्चेंज या तीन सेवा चालतात. विमानाचा माग काढायला तिन्ही उत्तम. कोचचा माग काढायला मात्र तिघींची पत वेगवेगळी.

१ जानेवारी २०२० पासून अमेरिकेच्या बहुतेक नियंत्रित हवाई हद्दीत विमानानं स्वतःची जागा आणि उंची सतत प्रसारित करणं सक्तीचं आहे. या यंत्रणेलाच एडीएस-बी म्हणतात. बहुतेक जेट हे १०९० मेगाहर्ट्झवर करतात, आणि हा संदेश उघडा असतो. छपरावर छोटा अँटेना लावणाऱ्या कुणालाही तो ऐकू येतो. तिन्ही सेवा अशा हजारो स्वयंसेवकांच्या अँटेनांवर उभ्या आहेत. फरक पडतो तो लपवाछपवीपाशी. विमानाच्या मालकाला एफएएकडं, म्हणजे अमेरिकेच्या हवाई वाहतूक नियामकाकडं, अर्ज करून आपला क्रमांक 'एलएडीडी' या लपवायच्या विमानांच्या यादीत घालता येतो. त्यानंतर ते विमान फ्लाइटअवेअर आणि फ्लाइटरडार२४ वर एक तर दिसत नाही, नाही तर नाव-क्रमांकाविना दिसतं. एडीएस-बी एक्स्चेंज ही यादी मानत नाही. धनाढ्य देणगीदाराचं जेट हमखास यादीत असतं, म्हणून कोचच्या मागावर असलेल्यानं सुरुवात इथूनच करावी. २०२३ मध्ये ही सेवा जेटनेट कंपनीनं विकत घेतली, तेव्हा काही स्वयंसेवक रागावून दुसरीकडं गेले. तरी अमेरिकेपुरतं जाळं अजून दाट आहे.

तिची उणीवही तितकीच मोठी. खासगी विमान कुठं निघालंय हे ती सहसा सांगत नाही. नकाशावर फक्त मार्गाची रेघ दिसते, अंदाज आपण बांधायचा. इथं फ्लाइटअवेअर उजवी ठरते. विमानतळाच्या पानावर येणाऱ्या आणि जाणाऱ्या विमानांची यादी असते आणि उड्डाणाचा आराखडा दाखल झाला असेल तर विमान निघायच्या आधीच नाव झळकतं. अर्थात ते एलएडीडी यादीत लपलेलं नसेल तरच. फ्लाइटरडार२४ चा नकाशा सगळ्यांत देखणा आणि मोबाइलवर सगळ्यांत सुटसुटीत, पण या कामात ती तिसरी. जुन्या उड्डाणांचा इतिहास तिथं फुकटात फक्त ७ दिवस मागं जातो, त्याहून जुन्यासाठी वर्गणी. कोचच्या प्रकरणात आठवड्यापूर्वीचं उड्डाण शिळंच झालेलं असतं, तेव्हा तेवढ्यासाठी पैसे मोजू नयेत.

वापरायची रीत अशी. आधी विद्यापीठाच्या किंवा त्याच्या देणगीदाराच्या विमानाचा 'एन'नं सुरू होणारा क्रमांक शोधायचा आणि एफएएच्या नोंदणीत मालक तपासायचा. मालकाच्या जागी बँक किंवा कुठलीशी एलएलसी (मर्यादित दायित्वाची कंपनी) दिसली तर हुरळून जाऊ नये. ते कागदी नाव असतं. क्रमांकाच्या शेवटी 'क्यूएस' असेल किंवा उड्डाणाचं नाव 'ईजेए'नं सुरू होत असेल तर ते नेटजेट्सचं, म्हणजे वाटून वापरायचं विमान. आत कोण बसलंय हे बाहेरून कळणं शक्य नाही. 'डीसीएम'नं सुरू होणारं नाव म्हणजे खरा क्रमांक झाकायला घेतलेला मुखवटा. मग इतिहासात तारीख टाकून विमान जमिनीवर किती वेळ थांबलं ते पाहायचं. पाऊण तासात परत उडालं तर कुणाला तरी आणायला किंवा सोडायला आलं असावं. चार-पाच तास थांबलं तर बैठकीची शक्यता. यापलीकडं नुसत्या रेघेतून काही वाचू नये.

चुका होतात त्या इथंच. लेक्सिंग्टनचा विमानतळ कीनलँडच्या रेसकोर्ससमोर आहे आणि तिथल्या घोड्यांच्या शर्यती ऐन एप्रिलमध्ये असतात. त्या दिवसांत उतरणारं प्रत्येक जेट केंटकीचा नवा कोच घेऊन येत नसतं. बहुतेकांत घोड्यांचे शौकीन असतात. वायव्य अर्कान्सासात तर वॉलमार्ट आणि टायसन फूड्सची मुख्यालयं आहेत, त्यामुळं तिथं बाराही महिने जेटची वर्दळ. शिवाय फेटविल, स्प्रिंगडेल, रॉजर्स, बेंटनविल असे छोटे विमानतळ एकमेकांना खेटून आहेत. विमान खाली आलं की अँटेनाच्या टप्प्याबाहेर जातं, रेघ हजारभर फुटांवर तुटते आणि चाहते शेजारचाच विमानतळ धरून बसतात. हंगामाच्या शेवटच्या चार संघांची स्पर्धा, म्हणजे फायनल फोर, ज्या शहरात असते तिथं कोच मंडळींचं वार्षिक संमेलन त्याच दिवसांत भरतं, म्हणून तिकडं जाणारी विमानंही हिशेबातून वगळावीत.

आणि कधी कधी विमान लागतच नाही. मार्च २०२५ मध्ये कोच केव्हिन विलार्ड कॉलेज पार्कचं मेरीलँड विद्यापीठ सोडून फिलाडेल्फियाजवळच्या व्हिलानोव्हा विद्यापीठाला गेले. कॉलेज पार्क ते फिलाडेल्फिया हा गाडीनं अडीच तासांचा रस्ता. नकाशाकडं डोळे लावून बसलेल्यांना काय दिसणार? त्यापेक्षा विलार्ड पत्रकारांसमोर पैशांच्या तुटवड्याबद्दल उघड बोलत होते आणि मेरीलँडच्या क्रीडा विभागाचे प्रमुख डेमन इव्हान्स एसएमयू विद्यापीठाकडं निघाले होते, या दोन गोष्टींत सगळं होतं.

विद्यापीठाच्या निवेदनावर तर मुळीच विसंबू नये. २०२४ च्या मार्चमध्ये राष्ट्रीय स्पर्धेत केंटकी १४ व्या मानांकनाच्या ओकलंड विद्यापीठाकडून ८०-७६ असं हरलं. कोच जॉन कॅलिपरी पुढच्या वर्षीही असतील, असं क्रीडाप्रमुख मिच बार्नहार्ट यांनी त्यानंतर काही दिवसांतच जाहीर केलं. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात कॅलिपरी अर्कान्सासचे झाले होते. त्यांना काढून टाकायचं तर केंटकीला सुमारे ३.३ कोटी डॉलर द्यावे लागले असते. ते स्वतःहून गेले आणि तो खर्च वाचला. त्याच आठवड्यात वेकोच्या विमानतळावर डोळे लावलेल्या केंटकीकरांना बेलरचे कोच स्कॉट ड्रू यांनी नकार कळवला, आणि दुसऱ्या दिवशी बीवाययू विद्यापीठाचे कोच मार्क पोप नेमले गेले.

म्हणून या सेवांना जोड हवी ती कराराच्या प्रतीची. सरकारी विद्यापीठाच्या कोचचा करार त्या राज्याच्या माहिती कायद्याखाली मागता येतो, आणि बहुधा स्थानिक वर्तमानपत्रानं तो आधीच छापलेला असतो. व्हिलानोव्हा, बेलर किंवा ड्यूकसारख्या खासगी विद्यापीठांचा असा मिळत नाही. त्यांच्या कर विवरणातून पगाराचा आकडा तेवढा कळतो, तोही उशिरा. करारात 'बायआउट'चं, म्हणजे करार मुदतीआधी मोडल्यास द्यायच्या रकमेचं, कलम शोधायचं. स्वतःहून गेल्यास कोचनं किती भरायचे आणि ती रक्कम कोणत्या तारखेला उतरते, ही ओळ महत्त्वाची. ती तारीख जवळ आली असेल तरच रात्री जागून नकाशा पाहण्यात अर्थ आहे. रक्कम मोठी दिसली म्हणूनही निर्धास्त होऊ नये, कारण ती सहसा नवं विद्यापीठ किंवा त्याचे देणगीदार भरतात.

पुण्या-मुंबईत परतलेले माजी विद्यार्थी हे सगळं इथून पाहत असतील तर एक तांत्रिक खोच ध्यानात ठेवावी. एडीएस-बी एक्स्चेंजचा इतिहास यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेनं चालतो. लेक्सिंग्टनला रविवारी रात्री १० वाजता उडालेलं विमान तिथं सोमवारच्या तारखेखाली, पहाटे २ वाजता सापडेल. आपल्याकडं तेव्हा सोमवारचे सकाळचे साडेसात. रविवारची तारीख टाकून 'विमान हललंच नाही' असं ठामपणे सांगणारे दरवर्षी भेटतात.