म्हापशाच्या बाजारात शिवून घेतलेली पाठपिशवी

दोन महिन्यांच्या, कमी खर्चाच्या भारतप्रवासासाठी मी म्हापशाच्या बाजारातील एका लहान दुकानात जाड कॅनव्हासची पाठपिशवी शिवून घेतली. मडगावहून निघाल्यावर बऱ्याच रात्री स्लीपर डब्यात काढायच्या होत्या, त्यामुळे पिशवी खालच्या बर्थखाली सरकली पाहिजे आणि तिथल्या लोखंडी कडीला साखळीने बांधता आली पाहिजे, एवढ्याच माझ्या अटी होत्या. कारागिराने त्या नीट ऐकून घेऊन खांद्याचे पट्टे मुळाशी दुहेरी नायलॉन लावून चौकोनात आणि मध्ये फुलीच्या टाक्याने शिवले. चौदा किलो सामान वाहूनही तिथला एक धागा आजवर सुटलेला नाही.

चेन मात्र हलकी निघाली. होस्पेटला उतरतानाच तिचा रनर निसटला आणि पुढचे आठ दिवस मी पिशवी सुतळीने बांधून फिरलो. परतल्यावर चेन विनामूल्य बदलून मिळाली, पण चांगल्या प्रतीची चेन सुरुवातीलाच मागून घ्यावी.

रेल्वेचे आरक्षण आता 60 दिवस आधी खुले होते. पिशवीही त्याच सुमारास सांगून ठेवावी. शुक्रवार टाळावा, कारण त्या दिवशी बाजाराच्या गर्दीत कारागिराला माप घ्यायलाही उसंत नसते.