कॅसेटवरचा बँड मैदानात: नागपुरात ‘इंडियन ओशन’

‘इंडियन ओशन’ या दिल्लीच्या बँडचा कार्यक्रम या हिवाळ्यात नागपुरात झाला. तो मैदानात बसून पूर्ण ऐकल्यावर माझे मत असे झाले आहे की, ज्यांनी हा बँड तरुणपणी कॅसेटवर ऐकला आणि पुढे नोकरी-संसाराच्या धबडग्यात मागे ठेवला, त्यांनी तो आज प्रत्यक्ष ऐकायलाच हवा. ‘आता त्यांच्यात पूर्वीचे उरले आहे कोण?’ असे म्हणून माझ्या परिचयातील काही जणांनी तिकीट काढले नाही. प्रश्न रास्त आहे, आणि म्हणूनच त्याचे उत्तर नीट द्यावेसे वाटते.

सुस्मित सेन (गिटार) आणि असीम चक्रवर्ती (तबला व गायन) यांनी 1990 मध्ये हा बँड सुरू केला. पुढे बास गिटारवर राहुल राम आणि ड्रमवर अमित किलम आले, आणि 2000 सालचा ‘कांदीसा’ हा अल्बम ज्यांनी ऐकला त्यांच्या मनात हेच चौघे पक्के बसले आहेत. 25 डिसेंबर 2009 रोजी असीम चक्रवर्ती यांचे निधन झाले आणि 2013 मध्ये सुस्मित सेन बँडमधून बाहेर पडले. म्हणजे ज्या दोघांनी ही सुरुवात केली, त्यांच्यापैकी आज मंचावर कोणीच नसते. राहुल राम आणि अमित किलम यांच्यासोबत आता हिमांशू जोशी गातात, तुहीन चक्रवर्ती तबला वाजवतात आणि निखिल राव गिटारवर असतात. असीम चक्रवर्ती मांडी घालून तबला वाजवता वाजवता गात असत. त्यांच्या एकट्याच्या जागेवर दोन माणसे घ्यावी लागली, यावरूनच त्या माणसाचा आवाका कळतो.

‘कांदीसा’ची कॅसेट माझ्या मावसभावाने दिल्लीहून आणली होती. नागपुरात त्या काळी रॉक म्हणजे महाविद्यालयांच्या स्नेहसंमेलनात पोरांनी वाजवलेली इंग्रजी गाणी, असाच आमचा समज होता. आणि इथे तर इलेक्ट्रिक बासच्या शेजारी तबला होता, भोजपुरीत कवी गोरख पांडेय यांचे जनतेच्या पलटणीचे गाणे होते, केरळातील सीरियन ख्रिस्ती परंपरेतील एक प्राचीन प्रार्थना होती, आणि ही सगळी गाणी घाई न करता सात-सात, आठ-आठ मिनिटे चालत होती. धरमपेठेतल्या घराच्या गच्चीवर आम्ही ती कॅसेट इतकी वाजवली की दुसऱ्या बाजूची फीत पुढे पुढे थरथरू लागली. त्या वयात माझे सारे लक्ष गिटारकडे असायचे. शब्द पाठ होते, पण ते सूर धरण्यापुरतेच. आता पुष्कळ वर्षांनी मैदानात बसल्यावर कान आपोआप बास आणि शब्दांकडे गेले, आणि या कार्यक्रमाने मला जे दिले त्यातला मोठा भाग या बदलातून आला.

पहिली दोन गाणी मात्र आवाजाच्या गोंधळात गेली, हे सांगितलेच पाहिजे. उघड्या मैदानात बास इतका चढवला होता की छातीत धक्के बसत होते आणि तबल्याची बोटे कुठेच ऐकू येत नव्हती. आमच्या मागच्या रांगेतले एक काका आपल्या सोबत्याला म्हणाले, “तबला ऐकूच येऊन नाही राहिला ना!” आणि ते अगदी खरे होते. तुहीन चक्रवर्ती यांनी दोन-तीनदा ध्वनियंत्रणा सांभाळणाऱ्याकडे हात वर करून खूण केली, तिसऱ्या गाण्याच्या सुमारास बास खाली आला आणि मग चाटीवरचा, म्हणजे तबल्याच्या काठावरचा, ‘ना’ आणि डग्ग्याची मींड, म्हणजे त्याचा घसरत जाणारा सूर, वेगवेगळी कानावर पडू लागली. तबला, ड्रम आणि बास हे तिघे एकाच वेळी खालच्या पट्टीत वावरणारा बँड उघड्यावर ऐकवायचा असेल, तर आधी सावकाश आवाज जुळवून घ्यायला वेळ ठेवणे हे आयोजकांचे काम आहे. तो वेळ ठेवलेला दिसला नाही.

आवाज जमल्यावर जे घडले ते मात्र फार वरच्या दर्जाचे होते. निखिल राव सुस्मित सेन यांची नक्कल करत नाहीत. सुस्मित सेन यांच्या गिटारमध्ये सतारीसारखी एक सलग झणझण होती, ती जुनी ओळख ज्याला हवी असेल त्याला ती इथे मिळणार नाही. निखिल राव जागा मोकळ्या ठेवतात. ओळखीची सुरावट एकदा स्पष्ट मांडतात आणि मग तिच्यापासून दूर जातात. पहिल्यांदा ऐकताना मला चुकल्यासारखे वाटले, पण दुसऱ्या फेरीत लक्षात आले की त्या मोकळ्या जागांमुळेच हिमांशू जोशी यांना गायला पैस मिळतो. त्यांचा आवाज असीमदांच्या आवाजाहून वेगळा आहे. असीमदांच्या आवाजात खर्ज आणि भेदकता एकत्र होती. हिमांशूंचा आवाज वर मोकळा होतो आणि तिथे बराच वेळ टिकतो. त्यांनी जुनी गाणी आपल्या गळ्याच्या सोयीने वळवून घेतली आहेत आणि माझ्या मते तेच योग्य केले आहे, कारण हुबेहूब जुनेच ऐकायचे असेल तर ध्वनिमुद्रण घरी आहेच.

या संध्याकाळचे शिखर माझ्यासाठी ‘माँ रेवा’ हे होते, आणि त्याविषयी थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे. राहुल राम नर्मदा बचाव आंदोलनात काही वर्षे कार्यकर्ते होते आणि नर्मदाकाठचे हे पारंपरिक गीत त्यांनी तिथूनच आणले. नागपूरकरांना नर्मदा परकी नाही. सिवनीमार्गे जबलपूरला गेले की ती भेटते, आणि परिक्रमा केलेले एखादे आजोबा किंवा मावशी आपल्याकडे जवळजवळ प्रत्येक आळीत निघतात. गाणे सुरू होताच समोरच्या रांगांतल्या ज्येष्ठ मंडळींनी हात जोडले आणि मागे उभी असलेली मुले टाळ्यांनी ताल धरू लागली. दोन्ही गोष्टी एकाच वेळी चालल्या होत्या आणि एकीने दुसरीला बाधा आणली नाही. विशीत मी हे गाणे नदीचे वर्णन म्हणून गुणगुणत असे. ते ‘कांदीसा’मध्ये आले त्याच वर्षी, ऑक्टोबर 2000 मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने सरदार सरोवराचे काम पुढे चालू ठेवण्यास परवानगी दिली, 2017 मध्ये त्या धरणाचे दरवाजे बंद होऊन ते 138.68 मीटर या पूर्ण उंचीने भरण्याचा मार्ग मोकळा झाला. महाराष्ट्राची, नंदुरबारकडच्या डोंगरांतली 33 गावे या बुडिताने बाधित झाली. हा सगळा काळ माझ्या वाढण्याचाही काळ होता. वाहत्या, निर्मळ पाण्याची ती ओळ आता ऐकताना पाणी थांबवले गेल्याचे ठाऊक असते. राहुल राम यांनी गाण्याआधी भाषण केले नाही. एवढेच सांगितले की हे गाणे नदीकाठच्या लोकांचे आहे. त्यांनी बासची तीच ती छोटी सुरावट सुरुवातीला बराच वेळ एकटी वाजवत ठेवली. ध्वनिमुद्रणात ती मागे असते, प्रत्यक्षात ती सगळ्या गाण्याला वाहून नेते, आणि हे कळण्यासाठी समोर बसणेच आवश्यक होते.

अमित किलम यांच्याकडे लक्ष न देता कोणी घरी गेले असेल तर त्याचे नुकसान झाले. त्यांच्या ड्रमवादनात देखावा नाही. तबल्याचे बोल पूर्ण होईपर्यंत ते काठी हवेत थांबवून ठेवतात. एका गाण्यात ते ड्रम सोडून गबगुबी घेऊन पुढे आले. बंगालच्या बाउल लोकगायकांचे हे वाद्य आपल्या तुणतुण्याचे जवळचे नातलग म्हणता येईल, फक्त तुणतुण्यात तार बांधायला दांडी असते आणि इथे ती नसते. कातड्याने मढवलेले भांडे काखेत दाबायचे, तारेच्या टोकाची मूठ डाव्या हातात ओढून धरायची आणि उजव्या हाताने तार छेडायची; ओढ जितकी वाढेल तितका सूर चढतो. माझी जागा मंचाच्या डाव्या अंगाला होती, त्यामुळे त्यांच्या मनगटाची हालचाल स्पष्ट दिसत होती. मूठ बोटभर मागे गेली की सूर कण्हल्यासारखा वर जाई आणि सैल पडली की गबकन खाली येई, आणि राहुल राम बासवर त्याला नेमके तेवढेच उत्तर देत. माझ्या शेजारी बसलेल्या भाचीने, जिला हा बँड फक्त ‘मसान’ चित्रपटाच्या गाण्यांमुळे माहीत होता, त्या वाद्याचे नाव मला दोनदा विचारून घेतले.

‘मसान’चा विषय निघालाच आहे तर सांगते. 2015 च्या त्या चित्रपटातले, वरुण ग्रोव्हर यांनी लिहिलेले आणि स्वानंद किरकिरे यांनी गायलेले रेल्वेचे गाणे हिमांशू जोशी यांनी गायले तेव्हा मैदानातल्या निम्म्या लोकांनी त्यांच्यासोबत ते म्हटले. पीयूष मिश्रा यांनी लिहिलेले, ‘ब्लॅक फ्रायडे’ चित्रपटातले ‘बंदे’ आले तेव्हा उरलेलेही सामील झाले. ‘ब्लॅक फ्रायडे’ हा 1993 च्या मुंबई बॉम्बस्फोटांवरील चित्रपट न्यायालयीन प्रकरणामुळे अडकून 2007 मध्ये प्रदर्शित झाला, पण गाणे त्याआधीच घरोघर पोहोचले होते. या गाण्यात मात्र वेग ध्वनिमुद्रणापेक्षा वाढवलेला होता आणि मला तो खटकला. अंधार आणि थकवा हा त्या गाण्याचा जीव आहे. पळवले की तो हरवतो.

‘कांदीसा’ हे गाणे, म्हणजे ती सीरियन ख्रिस्ती प्रार्थना, त्यांनी शेवटाकडे घेतले. सुरुवातीचा संथ आलाप, मग एकेक वाद्य येत जाणे, मग सर्वांचा एकत्र आवाज, ही बांधणी आजही तशीच ठेवली आहे आणि ती तशीच ठेवली याचा मला आनंद आहे. ज्या भाषेतला एकही शब्द मैदानातल्या कोणाला कळत नव्हता, त्या भाषेत शेकडो नागपूरकर सुरात गात होते. माझा मावसभाऊ शेजारीच होता. तो एरवी फारसा बोलत नाही, गाणे संपल्यावर म्हणाला, “ताई, असीमदा नाहीत हे मला आत्ता आठवलं. मधली दहा मिनिटं आठवलं नव्हतं.” सुरुवातीच्या प्रश्नाला यापेक्षा नेमके उत्तर माझ्याकडे नाही.

व्यवस्थेविषयी मात्र माझी तक्रार आहे. कार्यक्रम जाहीर वेळेपेक्षा बराच उशिरा सुरू झाला, कारण आधी मान्यवरांचे सत्कार, शाल-श्रीफळ आणि भाषणे झाली. उघड्यावर रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक वाजवता येत नाही, हे आयोजकांना माहीत असतेच. तेव्हा सत्कारात गेलेला प्रत्येक मिनिट हा गाण्यातून कापलेला असतो. ‘हिल्ले ले’ हे जनतेच्या पलटणीचे शेवटचे गाणे त्यामुळे आटोपते घ्यावे लागले. ज्या गाण्याने लोक खुर्च्या सोडून उभे राहिले, तेच घड्याळाकडे पाहत संपवावे लागणे हे श्रोत्यांवर आणि कलावंतांवर अन्यायाचे होते. पुढच्या रांगांतले सोफे निमंत्रितांसाठी राखीव होते आणि त्यांपैकी अनेक मध्यापर्यंत रिकामे झाले, तरी तिकीट काढून आलेल्यांना पुढे सोडले नाही. पाण्याची सोय आणि वाहनतळ चांगले होते. स्वयंसेवक मुलेमुली नम्रपणे बोलत होती आणि चाकाच्या खुर्चीवर आलेल्या एका आजींना त्यांनी उताराच्या वाटेने अगदी जपून पुढे नेले.

तिकिटाचे मोल झाले का, असे विचाराल तर निःसंशय झाले, आणि शेवटचे गाणे पूर्ण झाले असते तर अधिक झाले असते. हा बँड पुन्हा आपल्या शहरात किंवा जवळपास आला तर मंचाच्या अगदी समोरची जागा घेऊ नये. मैदानाच्या मधोमध, ध्वनियंत्रणेच्या मेजाजवळ बसावे, कारण आवाज जुळवणारा माणूस जे ऐकतो तेच तिथे ऐकू येते. जाण्याआधी ‘कांदीसा’ ऐकाल हे सांगायला नको, पण सोबत 2014 चा ‘तांदानू’ही ऐकून जावे. पाहुण्या कलावंतांसोबत केलेल्या त्या अल्बममध्ये आजचा बँड कोणत्या दिशेने विचार करतो ते कळते, आणि मग निखिल राव आपल्या ओळखीच्या गाण्यात अनोळखी वळण घेतात तेव्हा बिचकायला होत नाही.