स्किमर घेताना आधी संपमधलं पाणी मोजा

माझा रीफ टँक (खाऱ्या पाण्यातला, कोरल असलेला) ३५० लिटरचा, खाली संप, म्हणजे उपकरणं ठेवायची टँकला जोडलेली टाकी. दोन क्लाउनफिश, एक यलो टँग, एक फायरफिश, बाकी हॅमर, झोआ आणि वरच्या खडकावर थोडे एसपीएस (बारीक पॉलिपचे, कडक सांगाड्याचे) कोरल. स्किमर म्हणजे बुडबुड्यांचा फेस करून पाण्यातली घाण वरच्या कपात काढणारं यंत्र. चौदा महिन्यांपूर्वी बसवलेल्या नीडल-व्हील (काटेरी चक्राने बुडबुडे बारीक करणाऱ्या) स्किमरबद्दल लिहायला बसलेय, पण हा माझा दुसरा. पहिला सहा महिन्यांत काढावा लागला.

त्याच्या खोक्यावर ८०० लिटर लिहिलं होतं. टँकच्या दुपटीहून मोठा घेतला की काळजी मिटली, असं मला वाटलं. त्याला २२ सेंटिमीटर पाणी लागतं हे माहितीपत्रकात होतं, मी वाचलं नाही. माझ्या संपमध्ये जागा होती ती पाणी परत टँकमध्ये चढवणाऱ्या रिटर्न पंपाच्या कप्प्यात, तिथे पाणी जेमतेम १६ आणि तेही बाष्पीभवनाने रोज खालीवर होणारं. फेस नेकपर्यंत, म्हणजे कपाखालच्या नळीपर्यंत, चढेना. स्किमरमधल्या पाण्याची पातळी ठरवणारा व्हॉल्व्ह आवळला की चढायचा, मग ऑटो टॉप-ऑफने (आटलेलं पाणी आपोआप भरणाऱ्या यंत्राने) गोडं पाणी भरलं की पातळ पाणी कपात ओसंडायचं. शिवाय चार माशांच्या घाणीत त्या रुंद नेकला पुरेल इतकं काही नव्हतंच. खोक्यावरचे लिटर बघून स्किमर निवडू नये. मासे किती, खाणं किती, हे बघावं.

दुसरा घेण्याआधी मी संपमध्ये काचेची आडवी पट्टी चिकटवून पाणी १७ सेंटिमीटरवर कायम राहील असा कप्पा केला. मगच १५ ते १८ सेंटिमीटर पाण्यात चालणारा, ४०० लिटरचा, डीसी पंपाचा स्किमर आणला. व्हिनेगरच्या पाण्यात तासभर चालवून धुतला, तरी पहिले दहा दिवस कप जवळपास कोरडाच होता. नवीन प्लॅस्टिकवरचा तेलकटपणा जाईपर्यंत हे व्हायचंच. बाराव्या दिवशी सकाळी कपात दोन बोटं गडद, हिरवट-तपकिरी पाणी होतं. वास असा, की झाकण उघडून लगेच लावलं. मला फार आनंद झाला.

प्रथिनं आणि तत्सम द्रव्यांच्या रेणूंचं एक टोक पाण्याला धरून असतं, दुसरं पाणी टाळतं. म्हणून ते बुडबुड्याच्या पृष्ठभागाला चिकटतात आणि फेसाबरोबर वर येतात. खाऱ्या पाण्यात बुडबुडे एकमेकांत मिसळून मोठे होत नाहीत, बारीक राहतात, म्हणूनच हे यंत्र तिथे चालतं. नायट्रेट मात्र ते काढत नाही. नायट्रेट ज्यापासून बनतं ते कुजण्याआधी काढतं, तेही सगळं नाही. अमेरिकेतले रसायनशास्त्रज्ञ केन फेल्डमन यांनी २००९च्या सुमारास केलेल्या मोजणीत कुठल्याच स्किमरने पाण्यातल्या एकूण सेंद्रिय कार्बनपैकी साधारण तिसऱ्या हिश्श्याहून फारसं जास्त काढलं नव्हतं. म्हणून पाणी बदलणं मी थांबवलेलं नाही.

स्किमर बुडबुड्यांसाठी हवा ओढतो, त्या हवेचा फायदा मला अनपेक्षित होता. दारंखिडक्या बंद असल्या की घरात कार्बन डायऑक्साइड साचून पहाटे पाण्याचा पीएच ७.८ पर्यंत उतरायचा. हवेची नळी खिडकीबाहेर काढली आणि आठवड्यात तो ८च्या वर राहू लागला.

टँक आईच्या खोलीत आहे, त्यामुळे आवाज माझ्यासाठी मोठा प्रश्न. पंप खरंच शांत आहे. सातव्या महिन्यात सूं-सूं सुरू झाली आणि फेसही घटला, तेव्हा हवेच्या नळीच्या तोंडाशी मीठ साचलेलं सापडलं. आता दर पंधरा दिवसांनी तिथून कोमट आरओ पाणी ओढू देते. नेक आठवड्यातून दोनदा पुसते, आतल्या चिकट थराने फेस चढायचा थांबतो. टँकमध्ये हात घातला किंवा तेलकट खाणं टाकलं की फेस काही तास बसतो, तेव्हा व्हॉल्व्हला हात लावायचा नाही, आपोआप परत येतो. एपॉक्सीने कोरल चिकटवलं त्या रात्री मात्र उलट झालं, कप भरून वाहिला. त्या दिवशी स्किमर बंदच ठेवायला हवा होता.

तक्रारी दोन. कपाच्या तळाची निचऱ्याची नळी चिकटवलेली होती, ती चौथ्या महिन्यात झिरपू लागली, मी पुन्हा चिकटवली. दुसरी, कप वर उचलून काढावा लागतो आणि माझ्या स्टँडमध्ये वर जेमतेम दोन सेंटिमीटर मोकळे राहतात, दर वेळी तो तिरका करून काढताना थोडं सांडतं. पाण्याची खोली मोजाल तेव्हा कप निघेल एवढी वरची जागाही मोजा. आणि सुटा इम्पेलर (पंपातलं फिरतं चक्र) मिळतो का ते विचारूनच घ्या. माझा अकराव्या महिन्यात बदलावा लागला, आणि तो दोन दिवसांत हाती आला म्हणून हा स्किमर आजही चालू आहे.