मंडळ, कार्यशाळा की नेतृत्वाचा कार्यक्रम? उद्योजिकेने वेळ कुठे घालावा

व्यवसायाला दोन-तीन वर्षं झाली की उद्योजिकेला आमंत्रणं येऊ लागतात. कुणी नेटवर्किंगच्या मंडळात बोलावतं, कुणी दोन दिवसांच्या कार्यशाळेला, कुणी सहा महिने चालणाऱ्या नेतृत्व विकासाच्या कार्यक्रमाला. तिन्हींची माहितीपत्रकं शेजारी ठेवली तर मजकूर जवळपास सारखाच निघतो: आत्मविश्वास, संधी, भरारी. त्यावरून निवड होत नाही. फीवरूनही करू नये, कारण एकटीच्या जिवावर चालणाऱ्या धंद्यात फी हा लहान खर्च असतो. तुम्ही तिकडे खुर्चीत बसलेल्या असताना इकडे जे काम थांबतं, तो मोठा.

मी तिन्ही ठिकाणी बसून आले आहे आणि एका ठिकाणाहून मधेच उठूनही आले आहे. त्यामुळे पुढच्या लिखाणात माझा कल दिसेल, तो लपवत नाही.

आधी एक प्रश्न स्वतःला विचारा: घोडं नेमकं कुठे अडलंय? माल चांगला आहे पण ग्राहक, पुरवठादार, कर्ज देणारा यांच्यापर्यंत पोचताच येत नाही, असं असेल तर अडचण बाहेर आहे. किंमत कशी ठरवायची, करारात काय पाहायचं, महिनाअखेरीला पैसे का पुरत नाहीत हे कळत नसेल, तर अडचण कौशल्याची. आणि सगळं येतं, ओळखीही आहेत, पण प्रत्येक निर्णय तुमच्या टेबलावर येऊन साचतो, असं असेल तर अडचण तुम्ही स्वतः आहात. ढोबळमानाने पहिलीला मंडळ, दुसरीला कार्यशाळा, तिसरीला नेतृत्वाचा कार्यक्रम. ढोबळमानानेच, कारण प्रत्यक्षात या तिन्हींचे परिणाम त्यांच्या नावांप्रमाणे वागत नाहीत.

गाठीभेटी

ओळखींचा धंद्याला उपयोग होतो हे सांगायला संशोधक लागत नाही. कोणत्या ओळखींचा होतो, हे मात्र मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने 1973 मध्ये मांडलं आणि ते आजही चपखल बसतं. जवळच्या माणसांना बहुतेक तेच माहीत असतं जे आपल्याला माहीत असतं. नवी बातमी येते ती लांबच्या, क्वचित भेटणाऱ्या माणसाकडून. ओळखीतून नोकरी मिळालेल्यांना त्याने विचारलं की ज्याच्याकडून कळलं तो माणूस तुम्हाला किती वेळा भेटायचा. सतत भेटणारे जेमतेम सहांतले एक निघाले. उद्योजिकेचा पहिला मोठा ग्राहकही अनेकदा याच वाटेने येतो: कुणाच्या तरी जुन्या सहकाऱ्याकडून.

मग चहापाण्याच्या मोठ्या मेळाव्यांना जावं का? इथे गंमत आहे. कोलंबिया विद्यापीठाच्या पॉल इन्ग्रॅम आणि मायकेल मॉरिस यांनी 2007 मध्ये एका अभ्यासात अशाच मेळाव्यातल्या व्यावसायिकांना इलेक्ट्रॉनिक बिल्ले लावले आणि कोण कुणाशी किती बोलतं याची नोंद घेतली. येताना सगळे म्हणत होते, नव्या लोकांना भेटायचंय. आल्यावर रमले ते ओळखीच्याच लोकांत. ज्या कुणी अशा मेळाव्यातून तीस व्हिजिटिंग कार्डं घेऊन परतल्या आणि महिनाभराने ती खणातून तशीच काढून टाकली, त्यांना हे वाचून हसू येईल. मला आलं.

याउलट ठरलेल्या लहान गटाने पुन्हा पुन्हा भेटण्याचा परिणाम ठोस आहे. जिंग काय आणि ॲडम सेडल यांनी चीनमधल्या नानचांग शहरात 2,820 कंपन्यांवर प्रयोग केला. त्यांतल्या काहींच्या व्यवस्थापकांचे साधारण दहा-दहांचे गट करून ते वर्षभर दर महिन्याला भेटवले. बाकीच्यांच्या तुलनेत या कंपन्यांची विक्री 8.1 टक्क्यांनी वाढली, आणि भेटी संपल्यावर वर्षभरानेही फरक टिकून होता. यातले दोन बारकावे निवड करताना फार कामाचे आहेत. ज्यांच्या गटात स्वतःपेक्षा मोठे व्यावसायिक होते, त्यांची वाढ जास्त झाली. आणि जिथे गटातले लोक एकमेकांचे स्पर्धक होते, तिथे कामाची माहिती कमी फिरली. म्हणजे एखादं मंडळ ‘एकाच व्यवसायातल्या भगिनींचं’ म्हणून आकर्षक वाटलं, तरी तिथे पुरवठादाराचं नाव तुम्हाला कोण सांगणार, याचा विचार करा.

मंडळाचा तोटा असा की फळ उशिरा येतं आणि मोजता येत नाही. पहिले पाच-सहा महिने तुम्ही देत राहता: नावं सुचवता, ओळखी करून देता, दुसरीचं गाऱ्हाणं ऐकता. हे नको असेल तर जाऊच नका. तिथे नुसतं घ्यायला आलेली बाई तिसऱ्या बैठकीत ओळखू येते.

कार्यशाळा

विकायला सर्वांत सोपी, घ्यायलाही सोपी. तारीख ठरलेली, विषय ठरलेला, शेवटी प्रमाणपत्र. आणि याच कारणाने मी तिच्याबद्दल सर्वांत साशंक आहे.

केनियात नैरोबीच्या दांडोरा वस्तीत लहान व्यवसाय करणाऱ्या स्त्रियांवर झालेला प्रयोग या तुलनेसाठीच केल्यासारखा आहे. काहींना व्यवसायाचे वर्ग दिले. काहींची गाठ त्याच भागात यशस्वी धंदा करणाऱ्या अनुभवी स्त्रीशी घालून दिली. वर्गात बसलेल्यांच्या कामाच्या पद्धती बदलल्या, नफा नाही. वह्या सुधारल्या, गल्ला होता तेवढाच राहिला. अनुभवी स्त्रीची सोबत मिळालेल्यांचा नफा मात्र सरासरी 20 टक्के वाढला. त्यामागे काही गूढ प्रेरणा नव्हती. तिने सांगितलं की अमुक ठिकाणी माल स्वस्त मिळतो, आणि त्यांनी पुरवठादार बदलला. एवढी साधी माहिती वर्गातल्या तज्ज्ञाकडे असूच शकत नाही, कारण तो त्या बाजारात उभा राहिलेला नसतो. दुसरी बाजूही सांगायला हवी: जोड्या सुटत गेल्या तसा हा फायदाही विरत गेला.

मग कार्यशाळा फुकट जातात का? नाही. डेव्हिड मॅकेंझी यांनी 2021 मध्ये अशा अनेक प्रशिक्षणांचे निष्कर्ष एकत्र केले, तेव्हा सरासरी विक्री 4.7 टक्के आणि नफा 10.1 टक्के वाढलेला दिसला. वाईट नाही, पण माहितीपत्रकातल्या भरारीच्या मानाने बेताचं. शिवाय काय शिकवलं यानेही फार फरक पडतो. टोगोमध्ये 1,500 लहान व्यावसायिकांचे तीन गट केले गेले. एकाला हिशोब, विपणन, व्यवस्थापन असा नेहमीचा अभ्यासक्रम. दुसऱ्याला पुढाकार घेण्याचं प्रशिक्षण: संधी स्वतः शोधणं, इतरांपेक्षा वेगळं काही करणं, अडथळ्याची आधीच तयारी ठेवणं. तिसऱ्याला काहीच नाही. 2017 मध्ये निकाल प्रसिद्ध झाले. स्त्रियांच्या व्यवसायांत पुढाकाराच्या प्रशिक्षणाने नफा 40 टक्के वाढला होता, नेहमीच्या अभ्यासक्रमाने 5 टक्के. दोन्ही गट तितकेच तास वर्गात बसले होते.

त्यामुळे ‘उद्योजकतेची संपूर्ण ओळख’ अशा नावाची कार्यशाळा दिसली की मी पुढे जाते. एकच अरुंद विषय असेल तर थांबते. उदाहरणार्थ, गुंतवणूकदारांच्या प्रश्नांना उत्तरं देणं. 2018 मध्ये डॅना कांझे आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की पुरुष संस्थापकांना बहुतेक प्रश्न वाढीचे येतात, ग्राहक किती मिळवाल अशा धर्तीचे. स्त्रियांना येतात ते जपण्याचे: आहेत ते ग्राहक टिकतील का? ज्यांनी जपण्याच्या प्रश्नाला वाढीचं उत्तर दिलं, त्यांना अधिक भांडवल मिळालं. हे दोन दिवसांत शिकता येतं, सोमवारी वापरताही येतं.

आणि शक्य असेल तर मैत्रिणीला घेऊन जा. ऐकायला हलकंफुलकं वाटेल. पण अहमदाबादला सेवा बँकेच्या ग्राहक स्त्रियांना दोन दिवसांचं व्यवसाय प्रशिक्षण दिलं, त्यातल्या निम्म्यांना मैत्रिणीला बरोबर आणायला सांगितलं, तेव्हा चार महिन्यांनी फरक दिसला तो मैत्रिणीसह आलेल्यांतच. एकट्या आलेल्यांवर प्रशिक्षणाचा फारसा परिणाम नव्हता. हॉलच्या बाहेर पडल्यावर ‘केलंस का गं ते?’ असं विचारणारं कुणीतरी लागतं.

नेतृत्व विकास

हातात एकही माणूस कामाला नसेल तर हा भाग सोडून द्या. नेतृत्व कुणाचं करणार? तरीही हे कार्यक्रम एकट्या उद्योजिकांना सर्रास विकले जातात, कारण ‘नेतृत्व’ हा शब्द ऐकायला छान वाटतो.

ज्यांच्याकडे पाच-सहा माणसं आहेत त्यांच्यासाठी मात्र तिन्हींत हाच सर्वांत महाग आणि, चांगला असेल तर, सर्वांत खोलवर जाणारा पर्याय आहे. गरज आहे का हे पाहायची माझी कसोटी साधी: आठ दिवस फोन बंद ठेवा. परत आल्यावर माल वेळेत गेला नसेल, कुणी सूट द्यायची की नाही म्हणून वाट पाहत बसलं असेल, तर तुमच्या धंद्याची गती तुमच्या झोपेच्या तासांवर ठरते आहे. अशा वेळी आणखी ओळखी केल्या तर उलट पंचाईत. मागणी वाढते आणि ती पुरी करताना तुम्ही मोडता.

चांगला कार्यक्रम कसा ओळखावा? व्याख्यानं कमी, स्वतःच्या धंद्यातली खरी अडचण मांडणं जास्त. ही पद्धत जुनी आहे. रेग रेवान्स यांनी 1940 च्या दशकात ब्रिटनच्या कोळसा खाणींतल्या व्यवस्थापकांसाठी ती वापरली: लहान गट, प्रत्येकाची स्वतःची खरी समस्या, इतरांनी सल्ला देण्याऐवजी प्रश्न विचारायचे, पुढच्या वेळी काय केलं ते सांगायचं. ज्या कार्यक्रमातून मी उठून आले, तिथे तिसऱ्या सत्रातही आम्ही जगप्रसिद्ध नेत्यांचे गुण फळ्यावर लिहीत होतो. माझ्याकडच्या दोन कामगारांचं भांडण तिकडे तसंच पडलं होतं. ज्यात टिकले, तिथे पहिल्याच दिवशी मला विचारलं गेलं, ‘हा निर्णय तुमच्याशिवाय कोण घेऊ शकेल?’ मी दोन मिनिटं गप्प बसले.

नुसत्या स्त्रियांचं की मिश्र?

हा प्रश्न तिन्ही पर्यायांना लागू होतो आणि त्यावर तावातावाने वाद होतात. स्त्रियांच्या मंडळात बऱ्याच गोष्टी समजावून सांगाव्या लागत नाहीत, हा त्याचा मोठा गुण. एकत्र आवाज उठवता येतो, हा आणखी मोठा. अमेरिकेत 1988 च्या कायद्याआधी काही राज्यांत स्त्रीला व्यवसायासाठी कर्ज हवं तर नात्यातल्या पुरुषाची सही मागता येत असे. उद्योजिकांच्या संघटनांनी पाठपुरावा करून ते बंद पाडलं. एकटीने हे झालं नसतं.

पण मोठी कंत्राटं आणि भांडवल अजूनही बहुतांशी पुरुषांच्या हातात असेल, तर फक्त स्त्रियांत वावरून तिथे पोचणार कसं? 2019 मध्ये व्यवस्थापनाच्या पदवीधरांवर झालेल्या एका अभ्यासाचं उत्तर मला पटतं. वरच्या पदांवर पोचलेल्या स्त्रियांची ओळख सर्वदूर, मिश्र लोकांत होती, आणि शिवाय अगदी जवळचं वर्तुळ प्रामुख्याने स्त्रियांचं होतं. पुरुषांचं पहिल्यावर भागत होतं, स्त्रियांना दोन्ही लागलं. तो अभ्यास नोकरीचा आहे, धंद्याचा नाही, तरी माझा अनुभव त्याच्या जवळ जातो.

शेजारी ठेवून पाहिलं तर

कार्यशाळेचा परिणाम, झालाच तर, आठवड्याभरात दिसतो आणि उजळणी नसेल तर लवकर ओसरतो. मंडळाला सहा महिने ते वर्ष द्यावं लागतं. नेतृत्वाच्या कार्यक्रमाचं फळ तुम्हाला दिसण्याआधी तुमच्या कामगारांना दिसतं. मधेच सोडायची वेळ आली तर कार्यशाळेत फारसं काही बुडत नाही, मंडळात शब्द जातो, नेतृत्वाच्या कार्यक्रमात पैसेही जातात. घरी लहान मूल किंवा आजारी माणूस असेल, तर महिन्यातून एकदा, ठरलेल्या वेळी, घरून सामील होता येईल असा सहा-आठ जणींचा गट बाकी दोन्हींपेक्षा निभावतो.

एका वर्षासाठी मला पुन्हा निवडायचं झालं तर मी नव्या धंद्यात आधी एक अनुभवी बाई शोधेन, जी त्याच बाजारात आहे पण माझी स्पर्धक नाही, आणि तिला दर पंधरा दिवसांनी अर्धा तास मागेन. त्याला फी लागत नाही, विचारायचं धाडस लागतं. सोबत एक ठरलेला लहान गट. कार्यशाळा नेमकं काही अडेल तेव्हाच. पाचवा माणूस कामाला लागला की नेतृत्वाच्या कार्यक्रमाची चौकशी.

पैसे भरण्याआधी आयोजकांना तीन गोष्टी विचारा. संपल्यानंतर तीन महिन्यांनी कुणी फोन करून विचारतं का? शिकवणाऱ्या व्यक्तीने स्वतः कधी पगार वाटले आहेत का? आणि मागच्या तुकडीतल्या, तुम्हीच निवडलेल्या दोघींशी बोलायला मिळेल का? आयोजकांनी निवडलेल्या दोघींचे अनुभव माहितीपत्रकात आधीच छापलेले असतात.